भिंत की फेकणारा

ये गं, बस जवळ. मोबाइलवरच वाचणार आहेस हे ठाऊक आहे मला, पण मध्येच दुसरं काही उघडू नकोस, एवढं ऐक. मी रागावलेली नाही. म्हणजे थोडी रागावलेय, पण सासू म्हणून नाही. लग्नात, रिसेप्शनच्या वेळी, नाशिकच्या मे महिन्यात लोकरीची गोंड्याची टोपी घालून जे गृहस्थ स्टेजवर आले आणि आशीर्वाद द्यायच्या ऐवजी ज्यांनी तुला विचारलं, "चाळीस यार्ड पळायला किती सेकंद लागतात तुम्हाला?", त्यांच्याकडे पाठ करून तू सरळ फोटोग्राफरकडे वळलीस. वर नवऱ्याला म्हणालीस, या विचित्र काकांना बोलावलं कुणी? मी बोलावलं. कुलदैवताला पत्रिका ठेवली आणि पुढची त्यांना पाठवली. विचित्र आहेत, त्यात वाद नाही. पण तू त्यांना चार मिनिटं पाहिलंस, मी अकरा वर्षं जेवायला वाढलंय. तेव्हा विचित्र म्हणायचा मान आधी माझा.

इथे कुवेतला, एगैलात, ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. तुझे सासरे ज्या कंपनीत टेक्निशियन, तिथेच ते त्यांचे साहेब. प्लांटमधली प्रेशरची, तापमानाची मीटरं बसवणारा, बिघडली की दुरुस्त करणारा त्यांचा विभाग. बायको नाशिकला त्यांच्या आईच्या दुखण्यात अडकलेली, म्हणून साहेब इथे एकटे. मी एकदा सहज म्हटलं, शुक्रवारी आमच्याकडे जेवा. 'एकदा' हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही.

तरुणपणी त्यांना कंपनीने दीड वर्षासाठी अमेरिकेला पाठवलं होतं. माणसं तिथून डॉलर आणतात, गेलाबाजार व्हिटॅमिनच्या गोळ्या आणतात. यांनी एक टीम आणली, आणि तिची ती गोंड्याची टोपी.

फुटबॉलची. पण आपला फुटबॉल नव्हे. त्याला म्हणतात फुटबॉल आणि खेळतात हाताने. चेंडूसुद्धा गोल नाही, सोललेल्या नारळासारखा. दोन्हीकडून रेड्यासारखी माणसं एकमेकांच्या अंगावर धावतात, चार सेकंदांत ढीग पडतो, मग पंच येऊन ढीग मोजतात आणि सगळे पुन्हा चर्चेला उभे राहतात. टीमचं नाव मी लिहीत नाही. हरण्याची जाहिरात कशाला? मी पाहत होते तेवढ्या वर्षांत ती टीम न चुकता हरली, आणि साहेब न चुकता म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी बघा."

पुढच्या वर्षी काय बघायचं, तर ड्राफ्ट. हे मला समजायला तीन वर्षं लागली, तुला तीन ओळींत सांगते. तिकडे कॉलेजातून निघालेल्या खेळाडू पोरांना धंदेवाईक टीम आळीपाळीने निवडून घेतात. जी टीम सगळ्यात जास्त हरली, तिने सगळ्यात आधी उचलायचं. म्हणजे कामाला हात न लावणाऱ्याला पंगतीत पहिलं ताट. या न्यायाने साहेबांच्या टीमला दरवर्षी उत्तम पोरगा मिळायचा आणि दरवर्षी ती त्याची माती करायची. एप्रिल आला की तिथल्या मालकांना काय ते सुचेल, आपल्या डोक्याला काय ताप, असं तुला वाटेल. साहेबांना तसं वाटत नव्हतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, जिथे माणसं टीव्ही लावतात तिथे, पांढरा बोर्ड होता. त्यावर दीडशे पोरांची नावं, उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागणारे सेकंद, पंजाची लांबी. एकाच्याही हाताला यांचा हात कधी लागणार नव्हता, पण पंजा माहीत पाहिजे.

वाद घालायला दुसरा माणूस लागतो. तो त्यांनी स्वतःच तयार केला. एकदा टीम शेवटच्या मिनिटाला हरली म्हणून साहेबांनी टीपॉयवर हात आपटला, मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर आपले लातूरचे निघाले. त्यांनी प्लॅस्टर घालता घालता विचारलं, "कसं काय मोडून घेतलाव हो?" साहेबांनी सांगायला सुरुवात केली. प्लॅस्टर वाळेपर्यंत सांगितलं. पुढच्या शुक्रवारी माझ्याकडे दोन पानं जास्तीची पडली, एक डॉक्टरांचं आणि एक त्यांनी आणलेल्या खेळाडूंच्या यादीचं.

तेव्हापासून माझ्या जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष. फेकणारा आणि भिंत. फेकणारा म्हणजे तो एक माणूस ज्याच्या हातून चेंडू सुटतो, ज्याचे फोटो छापून येतात. भिंत म्हणजे त्याच्यापुढे उभे राहणारे पाच पहाड. त्यांनी चेंडूला हातही लावायचा नाही, फक्त मार खायचा. डॉक्टर म्हणायचे आधी फेकणारा घ्या. साहेब म्हणायचे आधी भिंत.

"सर, भिंतीमागं उभं राहायला कुणी नको का? नुस्ती भिंत घेऊन काय पोस्टर चिकटवायलाव?"

"आणि भिंत नसली तर तुमचा फेकणारा तिसऱ्या आठवड्यात तुमच्याच टेबलावर येईल, डॉक्टर. तुम्हाला केस हवीय म्हणून टीमचं वाटोळं करू नका."

एकदा साहेबांनी ताटातच मांडून दाखवलं. वरणाची वाटी म्हणजे फेकणारा, तिच्यापुढे पाच कांदाभजी म्हणजे भिंत. डॉक्टरांनी बोलण्याच्या नादात त्यातली दोन खाल्ली. साहेब शांतपणे म्हणाले, "वहिनी, बघून ठेवा. दर रविवारी मैदानात हेच होतं."

एका वर्षी तर अबोला झाला. कुठल्याशा बावीस वर्षांच्या पोराचा गुडघा बरा आहे की नाही यावरून. त्या पोराला कुवेत नकाशात दाखवता आलं नसतं, आणि इथे त्याच्या गुडघ्यापायी दोन जाणते पुरुष तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. जेवायला मात्र दोघंही येत होते. "वहिनी, डॉक्टरांना सांगा, आमटी त्यांच्या बाजूला आहे." "वहिनी, सरांना म्हणावं, हात लांब करा, पंजा मोजून घ्या." तुझे सासरे मधल्या खुर्चीवर बसून आमटी इकडून तिकडे करायचे. ते तसेच आहेत. कोणाच्या मध्ये बसवलं तरी आमटी सांडत नाहीत.

दर फेब्रुवारीत साहेब टीमला अहवाल पाठवायचे. टीमने काय करावं, कोणाला घ्यावं, कोणाला काढावं, चाळीस पानं. अकरा वर्षांत एकदा उत्तर आलं. 'प्रिय चाहते' अशी सुरुवात, नाव नाही, गाव नाही, खाली मोसमाच्या तिकिटांची माहिती. ते त्यांनी फ्रेम करून लावलं. मी म्हटलं, "साहेब, नावसुद्धा लिहिलं नाही हो त्यांनी." म्हणाले, "गुप्तता पाळावी लागते त्यांना."

हा माणूस बाजारात कसा वागत असेल ते तूच बघ. थंडीत आम्ही वफ्राला जायचो, शेतावरची ताजी भाजी मिळते तिथे. बाकीची माणसं टोमॅटो घेतात आणि निघतात. साहेब आधी सगळ्या दुकानांतल्या सगळ्या पेट्या बघणार, खिशातल्या कागदावर क्रम लावणार, मग पहिल्या नंबरच्या पेटीकडे परत जाणार. तोपर्यंत ती विकली गेलेली. "दुसऱ्या टीमने उचलली," म्हणायचे, आणि दुसऱ्या नंबरकडे वळायचे. विकणारा बांगलादेशी त्यांना लांबून येताना पाहिलं की चहा प्यायला जायचा. माझ्या पोळ्यांनाही नंबर असायचे. "वहिनी, आज तिसरी पोळी सरस होती. पण सातत्य नाही." ऐकून घेतलं मी. घरी बायको नाही, कोणाला तरी नंबर द्यायला हवेत माणसाला.

या सगळ्यात त्यांचा एक नियम होता, आणि तो ते पानावर बसल्या बसल्या, तोंडात घास असताना सांगायचे. "निवडताना भावना नको. वय बघा, सांधे बघा. तिशी उलटली की कितीही मोठं नाव असो, हात जोडा आणि निरोप द्या." मी मान हलवायची आणि वाढायची. तिशी उलटलेली मीच तिथे भात घेऊन उभी.

आता ऐकायचं ते इथून पुढे आहे.

तुझा नवरा तेव्हा पुण्याला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. यांना, म्हणजे तुझ्या सासऱ्यांना, त्रेपन्नावं लागलं होतं. उजव्या खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, आणि ते केलेलं आपल्याच लातूरच्या डॉक्टरांनी. तशात कंपनीचं कंत्राट बदललं. साहेबांच्या विभागात अकरा माणसं होती, नव्या कंत्राटात नऊच. कोणती दोन कमी करायची ते विभागप्रमुखाने रविवारी लिहून द्यायचं. इथे नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही. नोकरीवर इकामा, म्हणजे राहायचा परवाना, आणि इकाम्यावर घर, दवाखाना, सगळं. दोन-तीन महिन्यांत भांडी विकून विमानात बसायचं. त्रेपन्नाव्या वर्षी, एका खांद्यावर, गावाला चिपळूणला जाऊन यांनी काय करायचं होतं? मुलाला कॉलेजातून काढायचं का, हा प्रश्न आम्ही दोघांनी एकमेकांना विचारला नाही. दोघांनाही उत्तर येत होतं.

साहेबांच्या नियमाने यांचा नंबर अकरावा. यात कुणाला शंका नव्हती, यांनाही नाही. हेच मला म्हणाले, "साहेबांनी माझं नाव दिलं तर चूक नाही म्हणता येणार. उगाच काही बोलू नकोस."

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी साहेब नेहमीसारखे जेवायला आले. डॉक्टरही आले. मी म्हटलं, काय धीराची माणसं आहेत.

त्या वर्षी टीमपुढे प्रश्न होता तो भिंतीतल्या एका जुन्या खेळाडूचा. बारा वर्षं तिथेच खेळलेला, चौतिशीचा, खांद्याचं ऑपरेशन झालेला. त्याला ठेवायचं की सोडून ड्राफ्टमधून कोवळा पोरगा उचलायचा? मी सांगते गं, हे मी जुळवून लिहीत नाही. तसं जुळवता आलं असतं तर मी याहून बरा खेळाडू निवडला असता. मला आधी वाटलं, आज तरी विषय निघणार नाही. पण या दोघांना दुसरा विषय येत कुठे होता?

साहेब पानाकडे बघत म्हणाले, "सोडून द्यावा. नियम आहे."

डॉक्टर म्हणाले, "नका सोडू सर. अजून सात-आठ वर्षं काम करील त्यो."

"खांदा गेलाय त्याचा."

"खांदा चांगलाय. मी स्वतः उघडून बघितलाय."

डॉक्टर अमेरिकेला कधी गेलेच नव्हते. तुझ्या सासऱ्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. डॉक्टरांच्या लक्षात आलं आपण काय बोललो, पण माणूस लातूरचा, मागे हटेना. म्हणाले, "हां. बघितलाय. पुढचं बोला."

साहेबांनी पुढचं बोलायला भाताचा घास उचलला आणि खाल्ला नाही. म्हणाले, "अकरा जणांत त्याच्यापेक्षा दहा चांगले असतील तर?"

अकरा जण मैदानात असतात हे मलाही माहीत होतं. पण आज मैदान कुठलं ते टेबलावरच्या वाट्यांनाही कळलं असतं. यांनी मला सांगितलं होतं, बोलू नकोस. मी यांचं ऐकलं. मी फक्त फुटबॉलवर बोलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"साहेब, मी अडाणी बाई, दहावीला दोनदा बसलेली. मला एवढंच सांगा, भिंतीतल्या त्या पोरांना कोण कुठे उभं राहायचं, हे सांगतं कोण?"

"तोच. जुना."

"मग तो गेल्यावर?"

"शिकतील."

"किती दिवसांत?"

"दोन मोसम."

"आणि तोवर हरत राहायचं?"

"आमची टीम त्याला तयार असते, वहिनी."

"ते दिसतंच आहे. जुनी माणसं काढायची आणि पहिल्या नंबरची पोरं आणायची, असं तुमच्या नियमाने चालून इतकी वर्षं काय मिळालं, ते तुम्ही मला सांगा. मी भात आणते."

मी आत गेले. भात बाहेरच होता, ते सगळ्यांना दिसत होतं. ओट्यापाशी उभी राहिले आणि मला वाटलं, मी यांची नोकरी घालवली. बाहेर आले तर साहेब उठले होते. दहीभात न खाता. आजवर ते दहीभात सोडून उठले नव्हते, टीम कितीही हरो.

रविवारी संध्याकाळी हे घरी आले. सोफ्यावर बसले. बूट काढेनात. मी पाणी दिलं. मग म्हणाले, "माझी बदली झाली. कॅलिब्रेशनच्या विभागाला. उद्यापासून."

तुला सगळं एकदम सांगते, आम्हाला ते हळूहळू कळलं. कॅलिब्रेशनवाल्यांना, म्हणजे मीटर खरं बोलतं की खोटं हे तपासणाऱ्यांना, नव्या कंत्राटात दोन जागा वाढवून मिळाल्या होत्या. त्यांच्या प्रमुखाचा डोळा साहेबांच्या एका इंजिनियरवर होता. तिशीचा, फार हुशार, साहेबांनी आठ वर्षं हाताखाली घेऊन घडवलेला. साहेबांच्या बोर्डावर तो असता तर पहिल्या नंबरवर असता. मी गेल्यावर माझ्या खुर्चीत हा बसणार, असं ते पंगतीत सांगायचे. तो प्रमुख दोन वर्षं मागत होता, साहेब देत नव्हते. त्या रविवारी सकाळी सात वाजता साहेब त्यांच्या दारात गेले. पोरगा घ्या म्हणाले, पण एका अटीवर, बरोबर हा जुना माणूसही घ्यायचा. अकरातले दोन गेले, नऊ उरले. कोणाचंच नाव लिहून द्यावं लागलं नाही.

म्हणजे ड्राफ्टच्या हिशेबाने काय झालं, तर आपला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात अधू असे दोन एकदम दिले आणि बदल्यात काही घेतलं नाही. डॉक्टरांना कळल्यावर ते माझ्यादेखत म्हणाले, "सर, एक नंबर फुकट दिलाव? असली अदलाबदल तर तुमच्या टीमनंसुद्धा कधी केली नाही."

साहेब लाजले. अगं खरंच लाजले, चोरी पकडल्यासारखे. म्हणाले, "फुकट कसं? एक जुनं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. उलट फायदा." आणि यांच्याकडे न बघता लोणचं मागितलं.

मी पुरणपोळ्या करून वर घेऊन गेले. दार उघडलं, डबा घेतला नाही. "वहिनी, वाईट निर्णयाचं कौतुक करू नये. सवय लागते." दार लावलं. पाच मिनिटांनी स्वतःच खाली आले. "पुरणाच्या होत्या का?" म्हणाले आणि डबा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की चौथी उत्तम होती, पहिली जाड.

पुढे जे व्हायचं ते झालं. हाताशी कोणी राहिलं नाही. वर्षातून एकदा प्लांट बंद ठेवून सगळी मीटरं उतरवतात, त्या वेळी साहेब स्वतः शिड्या चढत होते, पंचावन्नाव्या वर्षी. काम लांबलं, वरून बोलणी बसली. दोन वर्षांत तो विभाग कॅलिब्रेशनमध्ये मिसळून टाकला, आणि साहेबांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. त्यांच्या खुर्चीत बसायचा तो पोरगा तेव्हा तिकडे मोठा झाला होता. रीतीने सोडायला विमानतळावर आला. हे गेले, मी गेले, डॉक्टर गेले. मी काहीतरी बोलणार होते, आठवडाभर पाठ केलं होतं. तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, "वहिनी, तो पाठ केलेला परिच्छेद राहू द्या. डॉक्टरांवर लक्ष ठेवा, या वर्षी पुन्हा फेकणारा घ्या म्हणतील." आणि ट्रॉली ढकलत आत गेले. डॉक्टर गाडीत बसले, पट्टा लावला. मग म्हणाले, "भिंतच घ्यायला पाहिजे या वर्षी." टीमने फेकणारा घेतला. हरली.

तुझा नवरा इंजिनियर झाला, नोकरीला लागला, तुला भेटला. हे सगळं तो नाही सांगणार, त्याला माहीतच नाही. बाबांची बदली झाली, एवढंच आम्ही त्याला फोनवर सांगितलं होतं. आम्हाला त्या बदलीने सात वर्षं मिळाली. यांचा खांदा अजून चालतो. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं, अमेरिकेतल्या त्या माणसाचं काय झालं मला ठाऊक नाही.

ती सात वर्षं आता संपत आली आहेत. मार्चमध्ये यांना साठ पूर्ण होतील आणि कंपनी साठीनंतर ठेवत नाही. या वेळी कोणी कोणाच्या दारात जाणार नाही, आणि जाऊही नये. मी कपाटं आवरायला घेतली आहेत. पण तू हे घर बघितलेलं नाहीस. तुमच्या दोघांच्या सुट्ट्या जुळत नसतील तर एकटी ये, मी विमानतळावर उभी राहीन. फक्त जमेल तितक्या लवकर ये. यांचा इकामा आहे तोवरच मला तुझा व्हिसा काढता येतो.